बांधांची साक्ष : नाशिकच्या डांगाणातील भातखाचरे

नाशिकचा इतिहास म्हटला की आपले मन गोदावरीच्या घाटाकडे धावते. पंचवटी, काळारामाचे देऊळ, पेशवाईतील वाडे आणि फार तर शहराच्या दक्षिणेची पांडवलेणी, एवढ्यात आपला सारा इतिहास आटोपतो. शहराच्या पश्चिमेस दहा-पंधरा कोसांवर जो डोंगराळ मुलूख लागतो, आणि ज्यास जुन्या वहिवाटीने डांग किंवा डांगाण म्हणतात, त्याचे नाव आपल्या तोंडी येते ते बहुधा सहलीच्या निमित्ताने. आषाढ-श्रावणातील रविवारी नाशिकची सुशिक्षित कुटुंबे मोटारी काढून त्र्यंबक, घोटी, इगतपुरीकडे लोटतात; धबधबा पाहतात, भाजलेले कणीस खातात, हिरव्या पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या भातशेतांची छायाचित्रे घेतात आणि दिवेलागणीस घरी येतात. यात वावगे काहीच नाही. पावसाळ्यात मन मोकळे करावयास माणसाने बाहेर पडावे हे योग्यच होय.

परंतु या सहलीहून परतलेल्या मंडळींशी बोलताना एक गोष्ट आमच्या वारंवार ध्यानात आली आहे. धबधबा आणि भातखाचर ही दोन्ही त्यांच्या लेखी एकाच जातीची असतात. दोहोंसही ते सृष्टिसौंदर्य म्हणतात. वस्तुतः धबधब्यास कोणी घडविले नाही, आणि खाचराचा एकही वीतभर भाग असा नाही की ज्यास मनुष्याचा हात लागलेला नाही. त्र्यंबकच्या किल्ल्याचा बुरूज जितका मनुष्यकृत तितकेच त्याच्या पायथ्याचे खाचर मनुष्यकृत. बुरुजाचा इतिहास आम्ही महाविद्यालयांतून शिकवितो. खाचराचा शिकवीत नाही. तो शिकविण्याजोगा आहे काय, आणि असल्यास त्याची साधने कोणती, एवढाच या लेखाचा विषय आहे.

ज्यांस हा मुलूख एका दिवसात पाहावयाचा असेल त्यांनी खासगी वाहन करून त्र्यंबकहून पहिन्याच्या बाजूने वैतरणेच्या जलाशयाकडे जावे, तेथून घोटीस उतरावे आणि भावलीकडील खेडी पाहून परतावे. आम्ही हा प्रवास एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा दिवाळीच्या सुमारास केला आहे. पहिली गोष्ट जी लक्षात येते ती पावसाची. नाशिक शहरात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. शहरापासून अवघ्या ४५ किलोमीटरांवर इगतपुरीस तो सुमारे ३,००० मिलिमीटरांवर जातो. एवढ्या थोड्या अंतरात बाजरी-गव्हाचा देश संपतो आणि भाताचा देश सुरू होतो. घरांची छपरे बदलतात, बैलांचा अंगलोटही बदलतो. येथील डांगी जातीचा बैल पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे ठिपके असलेला, तुकतुकीत कातडीचा असतो. मुसळधार पावसात आणि चिखलात तो जसा टिकतो तसा देशावरचा बैल टिकत नाही.

आता खाचर कसे होते ते पाहू. डोंगरावर पडलेला पाऊस खाली येताना माती घेऊन येतो. उतारावर हे पाणी जसेच्या तसे वाहू दिले तर खडक तेवढा उरतो. म्हणून ओढ्या-ओहोळांच्या वाटेत दगडांचा आडवा बांध घालतात. त्यामागे दरसाल थोडा थोडा गाळ अडतो. माती पुरेशी साठली म्हणजे ती सारखी करतात, वरच्या अंगाची खणून खालच्या अंगास ओढतात, आणि पाणी चार-सहा बोटे उभे राहील इतकी सपाटी आणतात. मग त्याच्या खाली दुसरा बांध, त्याखाली तिसरा. एका पिढीने घातलेल्या बांधामागे पुष्कळदा दुसऱ्या पिढीनेच नांगर धरावयाचा असतो. हे काम एकदा केले की संपले असेही नाही. खेकडे बांध पोखरतात, अतिवृष्टीत दगड निसटतात, गुरांच्या खुरांनी कड ढासळते. ज्येष्ठात दरवर्षी बांधबंदिस्ती करावीच लागते. शिवाय वरच्या खाचरातील पाणी सुटते ते खालच्या खाचरात. तेव्हा वरच्याने पाणी कधी अडवावे आणि कधी सोडावे यावर खालच्याचे पोट अवलंबून असते. ज्या गावात हा व्यवहार शतकानुशतके चालला त्या गावात काही एक न्यायव्यवस्था होती असे अनुमान करावयास ताम्रपटाची गरज नाही.

भाताच्या रोपासाठी जमीन भाजण्याची जी रीत आहे तिला राब म्हणतात. उन्हाळ्यात झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर रोपाच्या वाफ्यावर पसरून, वर मातीचा पातळ थर देऊन ते जाळतात. पाऊस लागला की तेथे बी टाकतात. तीन-चार आठवड्यांनी रोप उपटून, चिखलणी केलेल्या खाचरात त्याची आवणी होते. आवणीच्या दिवसांत घरातील म्हातारे माणूसही स्वस्थ बसत नाही. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले जाऊन आता पाठीवर प्लॅस्टिकचा कागद आला आहे. पण दिवसभर कमरेत वाकून पाण्यात उभे राहणे काही बदललेले नाही. हळवे, निमगरवे आणि गरवे असे भाताचे तीन वर्ग येथील कुणबी करतो, आणि कोणते भात कोणत्या खाचरात लावावयाचे हे तो खाचरात पाणी किती दिवस टिकते यावरून ठरवितो.

खाचरांच्या वर डोंगरउताराची जी हलकी जमीन असते तिला वरकस म्हणतात. तीत एका वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी घेऊन पुढे काही वर्षे ती पडीत ठेवावयाची, असा जुना फेरा आहे. भात पुष्कळदा विकावयाचे आणि सावकाराचे देणे भागवावयाचे, आणि स्वतः मात्र नागलीची भाकरी खावयाची, ही गरिबाची रीत. म्हणजे प्रवाशास दिसणारी खालची हिरवी खाचरे ही अर्धीच शेती होय. तिचा दुसरा अर्धा भाग वरच्या उतारावर आणि त्याही वरच्या रानात आहे. खाचरास वाफा पाहिजे, वाफ्यास राब पाहिजे, राबास डहाळी पाहिजे. ही साखळी ध्यानात ठेवली नाही तर पुढचा इतिहास समजणार नाही.

हे सारे ज्यांनी उभे केले ते लोक कोण? महादेव कोळी, ठाकूर, कोकणा, वारली आणि काही कुणबी-मराठे. राज्यकर्त्यांच्या दप्तरात त्यांची नावे आली ती बहुधा दोनच प्रकारांनी, किल्ल्यांचे आणि घाटांचे राखणदार म्हणून किंवा बंडखोर म्हणून. अठराव्या शतकात जावजी बांबळे याने पेशव्यांविरुद्ध दंगा केला, आणि शेवटी त्याच पेशवाईने त्यास राजूरकडील गावांचा कारभार देऊन आपलासा केला. १८१८ साली इंग्रजी अंमल आला तेव्हा किल्ल्यांच्या शिबंद्या मोडल्या आणि कोळी नाईकांची जुनी वतने व हक्क आकसले. कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्याने १८३० नंतरच्या दशकात महादेव कोळ्यांविषयी जो वृत्तांत लिहिला तो आजही उपयोगी आहे. मात्र तो बंडे मोडणाऱ्याने लिहिलेला आहे हे विसरता कामा नये. ज्या हाताने बांध घातला त्या हाताने लेखणी कधी धरली नाही, ही या इतिहासाची मूळ अडचण होय.

अशा अडचणीत काय करता येते याचे एक उदाहरण परदेशातून देतो. फिलिपाइन्समधील लुझोन बेटाच्या डोंगरांत इफुगाव लोकांची भातखाचरे आहेत. जगातील प्रवासी ती पाहावयास जातात. १९९५ साली युनेस्कोने त्यांस जागतिक वारशात स्थान दिले. ही खाचरे दोन हजार वर्षांची जुनी आहेत असे पाठ्यपुस्तकांतून दीर्घकाळ शिकविले गेले. परंतु स्टीफन अकाबाडो आणि त्यांचे सहकारी यांनी अलीकडे केलेल्या उत्खननांवरून निराळेच दिसू लागले. तेथील ओली भातशेती मुख्यतः गेल्या चारशे वर्षांतील, म्हणजे स्पॅनिश लोक खालच्या मैदानांत आल्यानंतरची असावी असा त्यांचा निष्कर्ष आहे. परक्या सत्तेपासून दूर राहण्यासाठी लोक डोंगरात एकवटले आणि तेथे त्यांनी खाचरे वाढविली. हे मत सर्वांस मान्य झाले आहे असे नव्हे. पण कागद नसला तरी बांधाखालची माती बोलते एवढे त्यावरून सिद्ध होते. आमच्या डांगाणातील खाचरांचे वय शास्त्रशुद्ध रीतीने ठरविण्यासारखे काम इतिहासाच्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकात या मुलखावर तीन आघात झाले. पहिला सावकारीचा. रोख सारा भरावयाचा म्हणजे रोख कर्ज काढावयाचे, आणि कर्ज फिटले नाही की जमीन जावयाची. शेजारच्या अकोले तालुक्यातील राघोजी भांगरे याच्या बंडाचा रोख मुख्यतः सावकारांवर होता. त्यास २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. दुसरा आघात १८५७ चा. त्या वर्षीच्या डिसेंबरात पेठ संस्थानात लोक उठले, हरसूलचा बाजार लुटला गेला, आणि पेठचे राजे भगवंतराव यांस इतरांसह फाशी झाली. तिसरा आघात सर्वांत शांतपणे झाला आणि सर्वांत खोल गेला. १८६५ साली थळघाटातून कसाऱ्याहून इगतपुरीस आगगाडी चढली. लोहमार्गास लाकडाचे स्लीपर पाहिजेत, मुंबईच्या चुलींस कोळसा पाहिजे, इमारतींस साग पाहिजे. रानास एकाएकी किंमत आली. १८७८ साली जंगलाचा कायदा झाला आणि राखीव व संरक्षित अशी राने पाडण्यात आली. योगायोग असा की त्याच वर्षी पेठचे संस्थानही खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले.

येथे राबाचा प्रश्न उद्भवला. जंगलखात्याच्या दृष्टीने डहाळी तोडणे म्हणजे झाडाचा नाश, आणि ती जाळणे म्हणजे निव्वळ रानटीपणा. कुणब्याच्या दृष्टीने डहाळी नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर खाचर ओसाड. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत हा तंटा इतका विकोपास गेला की मुंबई सरकारास १८८५ साली चौकशीसाठी कमिशन नेमावे लागले. कुणब्याच्या अडाणीपणाविषयी त्या काळी बरेच लिहिले गेले. पुढे पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरल्ड मान यांनी ना. वि. जोशी आणि कानिटकर या दोन महाराष्ट्रीय सहकाऱ्यांसह राबाचा शास्त्रीय अभ्यास केला आणि तो १९१२ साली प्रसिद्ध झाला. राबाचा गुण केवळ राखेच्या खतात नसून जमीन तापल्यामुळे तिच्यात जो पालट होतो त्यातही आहे, असे त्यांस आढळले. त्याच सुमारास इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथेही तापविलेल्या मातीत पीक जोमाने का येते याचा शोध चालू होता. ज्यास रानटीपणा म्हटले गेले होते त्यात निरीक्षणाचा मोठा साठा होता असे ठरले.

यावर कोणी म्हणेल की, राबामुळे डोंगर बोडके झाले हे तरी खोटे आहे काय? ते खोटे नाही. वस्ती वाढली, रान आटले, आणि उरलेल्या झाडांवर पूर्वीइतकाच कोयता चालू राहिला तर झाडे मरणारच. डांगाणातील माणूस हा रानाचा निष्पाप रखवालदार होता असे भाबडे चित्र रंगविण्याची आमची इच्छा नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की, रान उजाड होण्याचा जमाखर्च मांडताना स्लीपर आणि कोळसा हेही त्याच वहीत लिहिले पाहिजेत. आणि शिक्षा ठरविताना ज्यास दुसरी उपजीविका नव्हती त्याच्या एकट्याच्या नावावर सारी रक्कम मांडू नये.

विसाव्या शतकात रानाप्रमाणे पाण्यासही किंमत आली. १९१६ च्या सुमारास दारणेचे धरण झाले, १९२६ साली प्रवरेवर भंडारदऱ्याचे झाले, पुढे वैतरणा, मुकणे, भावली अशी धरणे होत गेली. दारणेच्या पाण्याने गोदावरीच्या कालव्यांवर ऊस पिकला. वैतरणेचे पाणी मुंबई पिते. देशाच्या दृष्टीने ही कामे आवश्यक होती. पण धरण बांधावयास दरी लागते, आणि दरीचा तळ म्हणजेच उत्तम गाळाची खाचरे. ती पाण्याखाली गेली आणि त्यांचे मालक वरच्या उताराकडे सरकले. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखात बायका हंडे घेऊन दरीत उतरतात आणि आटलेल्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. धरण उशाशी आणि कोरड घशाशी, ही म्हण या भागात नुसती म्हण राहिलेली नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. खालच्या सपाटीवरील बहुतेक खाचरे पाहणीत मोजली गेली आणि पुढे सातबाऱ्यावर चढली. वाद उरला तो वरच्या उताराचा. कायद्याने ते रान. वहिवाटीने ते शेत. तेथे कसणारा माणूस पिढ्यानुपिढ्या कसत राहिला, पण सरकारी कागदात तो अतिक्रमण करणारा ठरला. २००६ साली संसदेने वनहक्कांच्या मान्यतेचा कायदा केला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आला आहे त्यास चार हेक्टरांच्या मर्यादेत ती जमीन मिळण्याची तरतूद त्यात आहे. या कायद्याखालील २००८ च्या नियमांत पुरावा कशास म्हणावे याची यादी दिलेली आहे. तीत सरकारी दप्तरे आहेतच. पण त्यांच्या जोडीस वृद्ध माणसांचे जबाब आहेत, आणि जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणाही आहेत. सपाटीकरण आणि बांध यांचा तीत नावानिशी उल्लेख आहे. १८७८ नंतर १३० वर्षांनी कायद्याने बांधाची साक्ष ग्राह्य मानली. इतिहासाच्या अभ्यासकास ही लहान गोष्ट वाटू नये. जे साधन आम्ही आमच्या ग्रंथांत अजून घेतले नाही ते सरकारी नियमांत आधी आले.

मात्र साक्ष ग्राह्य मानणे निराळे आणि निवाडा मिळणे निराळे. दावे पडून राहिले, पुष्कळ फेटाळले गेले, मिळालेल्या पट्ट्यांवर क्षेत्र कमी लिहिले गेल्याच्या तक्रारी झाल्या. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईस पायी गेले. सुरगाणा, पेठ, दिंडोरीकडील आदिवासी त्यांत बहुसंख्य होते, आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची प्रमुख मागणी होती. ६ मार्चला निघालेले हे लोक, शालान्त परीक्षेस बसणाऱ्या मुलांस अडथळा नको म्हणून अखेरचा टप्पा रात्रीतून चालून, १२ मार्चच्या पहाटे आझाद मैदानावर पोचले. ज्या थळघाटातून १८६५ साली आगगाडी चढली तोच घाट त्यांनी पायी उतरला होता.

हा लेख ज्या पांडवलेण्यांच्या उल्लेखाने सुरू झाला तेथील एका शिलालेखाची या जागी आठवण होते. गौतमीपुत्र सातकर्णी याने गोवर्धनच्या आपल्या अमात्यास आज्ञा करून तेथील भिक्षूंस ककडी गावातील एक शेत दान दिले होते. राज्याच्या चोविसाव्या वर्षी राजाने आणि राजमातेने दुसरी आज्ञा काढली. तिचा आशय असा की, ते शेत कोणी कसत नाही आणि गावही वसलेला नाही. सबब त्याऐवजी नगराच्या सीमेवरील राजकीय जमिनीपैकी शंभर निवर्तने भिक्षूंस द्यावीत. राजाची आज्ञा होती, तिची नोंद होती, ती दगडात कोरलेली होती. परंतु कसणारा नव्हता म्हणून दानाचा काही उपयोग झाला नाही. अठराशेहून अधिक वर्षांपूर्वी नाशिकच्याच एका राजशासनाने हे मान्य केले की जमिनीस कसणाऱ्यावाचून अर्थ नाही. आमच्या काळचा पेच नेमका उलटा आहे. येथे कसणारा आहे, शेत आहे, बांध आहे. लेख तेवढा नाही.

हा पेच सुटण्यास फार उशीर करून चालणार नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. रस्त्याकडेच्या जमिनींस चढते भाव आले आहेत, विश्रामगृहे आणि बंगले उठत आहेत, आणि त्यांच्या जाहिरातींत ज्या हिरव्या पायऱ्यांचे चित्र असते त्याच पायऱ्या सपाट करून बंगले बांधले जातात. जो गरजू आहे त्याने जमीन विकू नये असे शहरातील सुखवस्तू माणसाने सांगणे शोभत नाही. पण ज्याच्याजवळ हक्काचा कागदच नाही त्यास विकण्याचा किंवा न विकण्याचा निर्णय घेण्याची मोकळीकही नाही, एवढे तरी आपण समजून घेतले पाहिजे.

तेव्हा वाचकांपैकी जे येत्या पावसाळ्यात या मुलखात जाणार असतील त्यांस आमची विनंती थोडकी आहे. जमल्यास एकदा आवणीच्या दिवसांत आणि एकदा कार्तिकात भात झोडण्याच्या दिवसांत जावे, म्हणजे चित्र पुरते होते. बांधावरून चालण्यापूर्वी विचारावे, कारण ढासळलेली कड दुरुस्त करावयास कोणाचा तरी दिवस मोडतो. घरी नेण्यासाठी तांदूळ घ्यावयाचा तर पाड्यावरच घ्यावा आणि मागतील तो भाव द्यावा. मुले बरोबर असल्यास त्यांस एका बांधाजवळ उभे करून त्यातील दगड मोजावयास सांगावे, आणि हे दगड कोठून आले, कोणी आणले, किती वर्षांत रचले, असे विचारावे. उत्तर त्यांस येणार नाही. बहुधा आपल्यासही येणार नाही. जवळ एखादी म्हातारी आजी इरल्याखाली बसलेली असेल तर तिला विचारावे. तिचा जबाब पुरावा म्हणून घेण्यास आता कायद्याचीही हरकत नाही.